वलंदेजांच्या भिंतींपाशी द्राक्षांचा सण

सप्टेंबर १२, १८५९. माएबूर्गजवळ.
तीन दिवस या उसाच्या बेटावर पडक्या भिंतींवरच्या वेली तोडतोय. फार पूर्वी वलंदेज, म्हणजे डच लोक, इथं राहून गेले, त्यांच्या कोठीच्या भिंती. मुस्ये, आमचे म्हातारे मालक, फ्रान्सातल्या द्राक्षांच्या गावचे. तिकडं या दिवसांत द्राक्षं काढतात. मग गावजेवण, नाच. इथं द्राक्ष नाही. तरी दरसाल ते तिकडून आलेलं द्राक्षाच्या दारूचं पिंप फोडतात. गोरे पाहुणे गाड्या जुंपून येतात, भिंती बघतात, पितात.

१४.
मळ्यावरचा करार संपला. मुंबईचं जहाज महिनाअखेर. दोघांची नावं लावू म्हटलं, तर बायको सगुणा भाकरी थापतच राहिली. पाच वर्षांची असताना आईबापांबरोबर आली, दोघंही इथंच वारले. म्हणाली, तुमचं गाव मला ऐकूनच ठाऊक.
आमच्याकडं भात पोटरीला आलं असेल. दसऱ्याला आई नव्या लोंब्या दाराला बांधायची. आता कोण...

१८, रविवार.
सण झाला. पाहुण्यांना भिंती दाखवल्या. एका मडमेनं विचारलं, ते लोक सोडून का गेले? मी पुढची भिंत दाखवली.
गाड्या गेल्यावर मुस्येंनी मला शेजारी बसवलं. असं कधी नाही. वीस वर्षांनी एकदा गावी गेले होते म्हणे. भावानं सगळा गाव जेवायला बोलावला.
"मला पाहुण्यांच्या बाकावर बसवलं, रामजी. द्राक्षं काढायला सुरी कुणी हातात दिली नाही."
मग हे दरसाल कशाला, विचारलं. म्हणाले, पिंप फोडल्यावर वास येतो ना, तेवढा वेळ मी तिथं असतो.

२०.
ऊसतोड. दिवसभर डोळ्यांपुढं आमचं खळं. बैल फिरतायत, बाप मागं. गाव सोडून बारा वर्षं झाली. सगुणेला मुस्येंचं काही सांगितलं नाही.

२३.
सकाळी सगुणा आईबापांना पुरलं तिथं जाऊन आली. हातांना माती तशीच. आपणहून म्हणाली, माझंही नाव लावा. लुगडी बांधायला घेतली. मग थांबली.
"तिकडं कुणी विचारलं, तू कुठली, तर काय सांगू?"
तिचा होकार ऐकायला वर्षभर झुरलो. आता पागोटं गुंडाळून बाहेर पडलो.
जहाजाच्या कचेरीत गेलो. कारकुनानं वही उघडली, किती माणसं म्हणाला. मला मुस्येंचा तो पाहुण्यांचा बाक दिसला. सोमवारी सांगतो म्हटलं, बाहेर आलो.