थेंब वाळेपर्यंत

आबा, पासलीच्या वरच्या धनगरवाड्यावर मी ताक मागून प्यालो. एका घरी नाही, पाच घरी. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. तेवढ्या काळात तुम्हाला सांगावं असं माझ्या हातून पहिल्यांदाच काही झालं, म्हणून लिहायला बसलो.

तुम्ही देवी टोचायला निघायचात ते अजून दिसतं. खांद्याला पेटी, लशीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात, छातीवर पितळी बिल्ला. संस्थान विलीन झालं तसा बिल्लाही बदलला. नवा लावताना तुम्ही आईला म्हणालात, "बिल्ला नवा दिला, आता चढ तेवढा कमी करून घ्यायचा ऱ्हायला." मी तेव्हा भोरला मॅट्रिकच्या वर्गात, भाषणं ऐकून डोकं तापलेलं. त्या उन्हाळ्यात तुमच्याबरोबर याच वाड्यावर आलो होतो. पोरांना टोचून झाल्यावर तुम्ही निघायचं सोडून बसलात. एका घरी ताक मागितलंत, दुसऱ्या घरी पुन्हा ताक. कुठली शेळी व्याली, कुणाची म्हैस आटली, संपता संपेना. मी लाजेनं मेलो. उतरताना म्हणालो, सरकारी माणूस असून भिकाऱ्यासारखं दारोदार ताक काय मागता? तुम्ही खोकत होतात. थांबलात, वहाणेचा अंगठा नीट केलात आणि म्हणालात, "पायाखाली बघ. खडी निसटतीया." एवढंच. पुढच्या शिमग्याआधी तुम्ही गेलात, आणि ते वाक्य माझ्याकडं तसंच राहिलं.

कॉलेजात मी वादसभेत ओरडायचो की दवाखाना, औषध, सुईण सगळं सरकारनं फुकट द्यावं आणि न घेणाऱ्यावर खटला भरावा. टाळ्या पडायच्या. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत वेल्ह्याच्या दवाखान्यात नव्या आलेल्या नर्सबाई दिसल्या, आणि माझं पुण्याला परत जाणं काही होईना. आई रडली, मामानं शिव्या घातल्या. मी सांगितलं, आबांची जागा मला चालवायचीय. लोकल बोर्डानं नोकरीवर ठेवून घेतलं, तुमची पेटी माझ्या खांद्याला आली. तुम्ही एक वाडी करायचात तेवढ्यात मी तीन करतो, याचा मला कोण अभिमान. बायका कुरकुरल्या की खटल्याचं नाव काढायचं. पोरांचे हात मुकाट पुढं व्हायचे.

यंदा मार्गासनीला देवी आल्या. दारांना लिंबाचे डहाळे लागले. मी निर्धास्त, कारण वरचा वाडा आठवड्यापूर्वीच टोचला होता. आठव्या दिवशी बघायला गेलो तर अकरा पोरांचे अकरा दंड कोरे. लस लागल्याचा फोड एकावरही नाही. खाली आजार, वर ही उघडी पोरं, आणि दोष लशीचा म्हणून मी आरडाओरडा करत होतो. एक म्हातारी शेळीला पाला घालत होती. ती म्हणाली, "लस न्हाई बिगडली. तू पाठ फिरवलीस का आमी दंडावरचा थेंब पदरानं पुसतो. देवी कोपंल म्हनून."

मग आबांच्या वेळी फोड कसे यायचे, मी विचारलं.

"तुजा बा लई चिवट. थेंब वाळस्तोवर हलायचाच न्हाई. ताक पेत बसायचा. पाव्हना म्होरं बसल्यावर पुसायचं कसं? आन ताक तर सोसायचं न्हाई त्याला. खोकत जायचा उताराला."

मी तिथंच दगडावर बसलो. घरी आई ताक वाढायला लागली की तुम्ही वाटीवर हात धरायचात, ते आठवलं.

दोन दिवसांनी नव्या नळ्या घेऊन गेलो. टोचलं, खटल्याचा शब्द काढला नाही, बसलो. शेळ्यांतलं मला काही कळत नाही, ते ऐकून बायका हसल्या. काल आठवा दिवस होता. नऊ दंडांवर टपोरे फोड, उरलेल्या दोघांसाठी उद्या पुन्हा चढायचंय. मधल्या दिवसांत बोर्डाच्या साहेबांना लिहिलं की दिवसाला एकच वाडी होईल. फुकटचं औषधसुद्धा पदराला पुसलं जातं, तेव्हा सरकारनं नळी पाठवावी तसा थेंब वाळेपर्यंत बसायला वेळही द्यावा. उत्तर आलं, फिरती ठरल्याप्रमाणे करावी. मी पुन्हा लिहिणार आहे. या वेळी जरा सौम्य.

हा कागद तुमच्या पेटीत तळाशी ठेवतो, दुसरीकडं कुठं पाठवू? एक मात्र राहिलं. तुमची जागा चालवायला आलो हे मी सगळ्यांना सांगितलं, ते खोटं. नळ्या दर सोमवारी नर्सबाईंच्या हातून घ्याव्या लागतात, म्हणून ही नोकरी धरली. नळ्या मिळाल्या तरी मी तिथल्या बाकावर बसून राहतो. तिथं तर काही वाळायचंही नसतं. गेल्या सोमवारी त्यांनी विचारलं, अजून काही हवंय का? मी पाणी मागितलं. तहान नव्हती, आबा.