शिसपेन्सिलीचा अर्ज

गाला (आखात), गुरुवार, संध्याकाळ

रूमवाल्याचं परत तेच, "सही केलीसच कशाला?" अरबी कागद, वाचता येईना, फोरमन म्हणाला यल्ला, चल आटप, केली. कंपनीच्या गाडीची काच मी फोडलीच नाही, तरी कबुली माझी झाली आणि पगारातून वीस रियाल कापले.

वसईचा आंतोन, माझा रूमवाला, म्हणाला, "अमेरिकेत एका गरीब कैद्याने तुरुंगातून शिसपेन्सिलीने अर्ज केला, वकील द्या म्हणून. सगळ्यात मोठ्या कोर्टाने ऐकलं! आणि तू रे, सातवी नापास, नुसता कुढतोस."

चिडलो. पण शिसपेन्सिलीने? खरंच?

मीही अर्ज लिहिलाय, माझे वीस रियाल परत द्या म्हणून. मराठीतच, तीनदा खोडून. उद्या अर्बाबसमोर, म्हणजे मालकासमोर, आंतोन हिंदीत वाचून दाखवणार. नोकरी गेली तर? जाऊ दे. शिसपेन्सिल खिशातच ठेवलीय.

घरी दरमहा सत्तर जायचे. उद्या पन्नासच रियाल पाठवणार.