चार नंबर वाचणार

४ ऑगस्ट २०२५

चौथी खाट भरली! अजिंठ्याच्या पुढच्या एका वस्तीवरून अप्पाराव नावाचा शेतकरी आणला. रात्री जमिनीवर झोपला, पहाटे पोट दुखलं, मग पापण्या पडल्या, मग श्वास अडला. आधीच्या दवाखान्यात सांगितलं – मेंदू गेला, घरी न्या. माझी ज्युनियर मुबश्शिरा हुशार पोरगी आहे, पण तीही बॅटरी मारून बघितल्यावर चेहरा पाडून उभी. बाहुल्या विस्फारलेल्या, ढिम्म.

म्हटलं, ही मण्यार आहे. चावलेलं कळतही नाही. माणूस मेल्यासारखा पडतो आणि आत जागा असतो. फौजेत असे जवान बघितलेत मी. व्हेंटिलेटर लावा, उठून बसेल.

५ ऑगस्ट

राऊंडला माझी एकच शिस्त – खाटेचा नंबर, निदान, आकडे. काका, मामा, बाबा बंद! सिस्टर लोकांना रुचत नाही. पण एका आडनावाचे दोन पेशंट शेजारी आले की औषध चुकतं, आणि चुकल्यावर काका-मामा म्हणून भागत नाही.

सगळ्यांना बजावलं – याला ऐकू येतंय, खाटेपाशी वेडंवाकडं बोलायचं नाही. मग पायाशी उभी राहून खणखणीत आवाजात म्हटलं, "चार नंबर वाचणार!" मुद्दाम मराठीत, त्याला धीर यावा म्हणून. रोज म्हणणार आहे.

६ ऑगस्ट

त्याची बायको लीलाबाई काचेबाहेर उभीच असते. आज तिने मला दारात गाठलं. म्हणाली, "मला एकदा हाक मारू द्या. झोपेतबी माझ्या हाकेला वळत्यात ते." मी नाही म्हटलं. जंतूंचा प्रश्न आहे, आणि एकीला सोडलं की मागोमाग सगळं गाव आत. वर हेही म्हणून गेले की हाक मारून विष उतरत नाही. बाई परत काचेपाशी गेली.

माझ्या पहिल्या पोस्टिंगला आयसीयू म्हणजे वॉर्डाचा एक कोपरा आणि पडदा. यंत्र एकच, तेही मनात आलं तर चालायचं. बंद पडलं की पाळ्या लावून हाताने फुगा दाबायचा. एका सुभेदाराला आम्ही तसाच जगवला, बोटांना फोड आले होते. आज इथं हर्सूल रोडवर माझ्या आयसीयूत आठ खाटा, प्रत्येकीला मॉनिटर! निवृत्त झाले तेव्हा सगळे म्हणाले पुण्यात राहा, तिकडं कोण येणार. येतात की!

८ ऑगस्ट

चार नंबर – काही नाही. पापणीसुद्धा नाही.

९ ऑगस्ट

लीलाबाईंचा दीर आला. गावाहून फोन होता म्हणे, लाकडं गोळा करायची का? भाऊ घरच्या उंबऱ्यात जाऊ द्या, लिहून देतो, असं त्याचं चाललेलं. मी चांगलीच तापले. म्हटलं, जिवंत माणसाचं सरण कसलं रचता? मग बाईंनाच विचारलं. काचेतून आत बघत म्हणाल्या,

"तुमी म्हनता तर ठिवते. पर खोटं असंल तर आत्ताच सांगा."

म्हटलं, खोटं नाही. दीर पाय आपटत निघून गेला.

जेवण गेलं नाही. चुकले असेन तर? नाही चुकले. पण भीती वाटली, हे इथं लिहायला हरकत नाही.

११ ऑगस्ट

पायाचा अंगठा हलला!! मुबश्शिराला आधी दिसला. मग भुवई. बाहेर जाऊन सांगितलं तर लीलाबाईंनी लगेच गावाला फोन लावला. सगळ्या स्टाफला गुलमंडीवरून इमरती मागवली. मीही खाल्ली, साखर गेली खड्ड्यात.

१४ ऑगस्ट

नळी काढली. चार नंबर आपला आपण श्वास घेतोय. लीलाबाईंना आत सोडलं. दीरही आला, दारातूनच हात जोडून उभा राहिला. आज मला कुणी गर्विष्ठ म्हणालं तर म्हणू दे. आहे!

१६ ऑगस्ट

आज आवाज फुटला. मी विचारलं, सगळं ऐकू येत होतं का? कौतुक ऐकायलाच विचारलं, खोटं कशाला बोलू.

"समदं. तुमी रोज म्हनायच्या, चार नंबर वाचनार. मला वाटायचं, वाचू द्या बिचारा. माझं तर कुनी नावच घेत नव्हतं. म्हनलं, आपन सरलो."

लीलाबाई त्यांना चमच्यानं पाणी पाजत होत्या. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.