बसायचा झोपाळा

सिहोर, रविवार

प्रिय बीजल,

सागाचा पाट, त्याच्या कडेची वेलबुट्टी, चारही पितळी कड्या, कड्यांमधले हत्ती आणि पोपट, पाटाखालच्या लोखंडी पट्ट्या, छतात बसवायचे आकडे. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. सुतारकाम मला कुणी शिकवलं नाही, पितळ ओतणं तर नाहीच. पहिल्या काही हत्तींच्या सोंडा मोडल्या, म्हणून सगळे पुन्हा वितळवले. तुझ्या लग्नात देण्याच्या वस्तूत मोडकी सोंड मला चालणार नव्हती.

आणि तुम्ही त्यावर कुंड्या ठेवल्या.

त्या दिवशी तुमच्या फ्लॅटवर पाहुणे जमले होते. मी नुसता बसायला गेलो, तर तुझी ती इंटिरियरवाली धावत आली. ‘अंकल, बसू नका हं, तो फक्त लूकसाठी आहे.’ झोपाळा, आणि बसू नका. उद्या गॅस बसवेल आणि पेटवू नका म्हणेल. वर पाहिलं तर माझे आकडे नाहीतच. फॉल्स सीलिंगच्या पातळ पत्र्यात पडद्याचे हूक अडकवलेले. बीम कुठे आहे विचारलं, तर म्हणते, ‘बीम दिसत होता ना अंकल, म्हणून झाकला.’ घर ज्याच्यावर उभं आहे तेच झाकायचं, ही कसली विद्या? वरून एसीच्या वाऱ्याने झोपाळा आपला आपण हलत होता. रिकामा झोपाळा हलवायचा नाही, घरात कटकट येते, ही माझ्या बाची, तुझ्या आजीची शिस्त. तुला लहानपणी त्यापायी पाठीत धपाटे पडलेत.

म्हणून मी तो काढला, वॉचमनला हाताशी घेतलं आणि टेम्पोत घालून इथे आणला. पाहुण्यांसमोर लाज काढलीत, असं तू म्हणालीस. असेल. पण कुंड्या मी खाली नीट ठेवल्या होत्या, एक पान तुटलं नाही, तेही मोज. त्यानंतर तुझा फोन नाही. नुसता मेसेज, ‘विकून टाका मग.’ तुझी मम्मी तो वाचून मला म्हणाली, ‘गेलात मोठे बीमचं माप घ्यायला. मुलीचं तोंड पाहिलंत का?’

पाहिलं होतं.

मी भावापासून दुकान वेगळं केलं ते वर्ष तुला आठवणार नाही, तू लहान होतीस. तुझ्या मम्मीला न विचारता केलं, म्हणून तिने बोलणं टाकलं. संध्याकाळी गवार घेऊन झोपाळ्याच्या एका टोकाला बसायची. एकच माणूस टोकाला बसलं की झोपाळा तिरका जातो, आणि तिरकं काही माझ्या डोळ्यांना सोसत नाही. म्हणून मी दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचो. केवळ समतोलासाठी, बरं का. दोघांची तोंडं समोरच्या भिंतीकडे, शब्द नाही, आणि जमिनीला पाय कुणीच लावायचं नाही. बरेच दिवस असा थांबलेला झोपाळा होता आमचा. एकदा तिनेच अंगठ्याने रेटा दिला आणि समोरच पाहत म्हणाली, ‘पाय लावा जरा. सगळं मीच ढकलू का?’ एवढंच. पुढे गवारही मीच निवडली.

समोरासमोरच्या सोफ्यांवर हे होत नाही. तिथे माणसं एकमेकांच्या चुका बघत बसतात.

माझी नजर मापाची आहे, बेटा, तिला मी काय करू? तुझ्या ओट्यावर सकाळी चहाची दोन पातेली होती. आधी एक, मग तासाभराने दुसरं. दिवाणखान्यातल्या सोफ्यामागे उशी आणि चादर घडी करून ठेवलेली, आणि त्यावर पार्थिवकुमारांचा चष्मा. तू म्हणालीस, ‘ते उशिरापर्यंत काम करतात, म्हणून.’ मी मान हलवली. मी काही विचारत नाही, पुढेही विचारणार नाही. पार्थिवकुमार माणूस सरळ आहे. टेम्पोत पाट चढवताना शेवटचा हात त्यांनीच लावला आणि हळूच म्हणाले, ‘पप्पा, मला बसायचं होतं त्यावर.’

तेव्हा ऐक. येत्या शनिवारी मी येतोय, माझे आकडे आणि ड्रिल घेऊन. छताला भोकं पडतील. इंटिरियरवालीला त्या दिवशी बोलावू नकोस. सोसायटीच्या चेअरमनशी मी बोलेन. पाट बीमखालीच लागेल, सोफा सरकवावा लागेल. कुंड्या बाल्कनीत. लावून झालं की मी चहा न घेता निघेन. बसायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. एकटी बसलीस तर तिरका जाईल, एवढं सांगून ठेवतो.

आणि विकण्याचं म्हणशील, तर काल भावनगर रस्त्यावर नवं रिसॉर्ट काढणारे शेठ आले होते. कड्या वाजवून पाहिल्या, हत्तींवरून बोट फिरवलं, म्हणाले, ‘मनहरभाई, हा स्वागतकक्षात शोभेल. बसू कुणाला देणार नाही, चिंता नको.’ टेम्पो त्यांचा, पैसे रोख. मी नाही म्हटलं. एक लाख साठ हजार देत होते.

तुझाच,
पप्पा