मंगरुळात सगळ्यांना झोप लागते

मंगरूळपीर,
माघ वद्य सप्तमी, शके १८७९

तीर्थरूप सौ. अक्कास,

धाकटी बहीण द्वारका हिचे पायांवर डोके. आम्ही मावशी-भाची इकडे सुखरूप आहोत (तुझी लेक शरयू वाळलेली नाही, नव्या चष्म्यामुळे तशी दिसते). तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि तुझ्या दुधावर डोळा ठेवणारं ते शेजारचं मांजर, या तिघांची खुशाली कळव. तुझं पत्र मिळालं. अकोल्याचं स्थळ चालून आलंय, शरयूला लवकर अमरावतीला धाड, बंगलोरबिंगलोर पुरे झालं, हे सगळं मी वाचलं. त्याआधी मुलाकडचं कुणीतरी न कळवता मंगरुळाला येऊन मुलगी पाहून जाईल, शरयूला बोलू नकोस, हेही वाचलं आणि खरोखरच बोलले नाही. उत्तराला उशीर झाला तो उत्तर लांबलचक आहे म्हणून. तेव्हा दुपारचं आवरून घे, ताकाचा पेला जवळ ठेव आणि मगच पुढे वाच.

तू शेजारणींना सांगतेस की आमची शरयू डॉक्टरकी शिकते. ती सुई टोचत नाही की औषध देत नाही, मनाच्या दुखण्यांचं शास्त्र शिकते. एम.ए. झालं, आता पुढची मोठी पदवी घ्यायची तर त्याआधी वर्षभर प्रत्यक्ष माणसांपाशी बसून काम शिकावं लागतं. ते नीट झालं असं तिच्या सरांनी म्हटलं तरच पुढचं दार उघडतं, नाहीतर वर्ष फुकट. बंगलोरच्या रुग्णालयातले महिने तिने चांगले काढले. शेवटचे काही महिने खेड्यापाड्यांतल्या माणसांत काढायचे होते, तेव्हा पोरीने हौसेने मावशीचं गाव मागून घेतलं. (मला किती आनंद झाला होता! शेंगदाण्याची चटणीसुद्धा आदल्या दिवशीच कुटून ठेवली होती.)

तिचं काम असं. माणसाला समोर बसवायचं आणि आधी हकिकत विचारायची. घरी कोण कोण, भावंडं किती, वडील काय करतात, घराण्यात कुणाला फेफरं होतं का, वेड होतं का, दारू होती का, राग कसा, भूक कशी, झोप लागते का. मग आपण गप्प बसून ऐकायचं. उपदेश करायचा नाही, कुणाचं काही घ्यायचं नाही आणि ऐकलेलं कुणाला सांगायचं नाही. (हे शेवटचं मला समजलंच नाही. सांगायचं नाही तर ऐकायचं कशाला? मुलींच्या शाळेत मी इतकी वर्षं शिकवते आहे, आमच्या मधल्या सुट्टीत हा नियम एक दिवस टिकणार नाही.)

आता अक्का, तूच विचार कर. पोरगी येऊन उतरली तुळशीचं लग्न लागल्यानंतरच्या आठवड्यात. आणि त्या दिवसांत एक अनोळखी, नीटनेटकी मुलगी माझ्या ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते आहे, शेती किती, भाऊ किती, घराण्यात फेफरं आहे का! सगळं मंगरूळ दुसऱ्या दिवशी समजून चुकलं की द्वारकाबाईंची भाची स्थळं बघते आहे. कुणासाठी बघते याबद्दल मात्र मतभेद होते. कुणी म्हणे स्वतःसाठी, कुणी म्हणे बंगलोरच्या कुणा सावकाराच्या मुलीसाठी. शेजारच्या नजमुन्निसाभाभी (यांचं बांगड्यांचं दुकान आहे) भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमची भाची तं सोताच चौकशा करून राह्यली! अच्छा है. मधल्या मानसानं आमाले काय कमी फसवलं?" आणि त्यांनी अंगणात दाढी करत बसलेल्या आपल्या नवऱ्याकडे असं पाहिलं की त्या बिचाऱ्याने गाल कापून घेतला.

मी सगळ्यांना सांगून थकले की हे लग्नाचं नाही. पण आपल्याकडे बोलणी पक्की होईपर्यंत सगळे असंच म्हणतात, त्यामुळे मी जितकं नाही म्हणाले तितकी गर्दी वाढली. लोक आयांना घेऊन, इस्त्रीची टोपी घालून येऊ लागले. आणि सोयरिकीच्या चौकशीला आजवर खरं उत्तर कुणी दिलं आहे? झोप? पडल्या पडल्या लागते. राग? राग म्हणजे काय असतो बाई? घराण्यात आजार? आमच्या घरात कोणाचं डोकंसुद्धा दुखत नाही. गेल्या पोळ्याला ज्याने भावाची बाज विहिरीत फेकली त्या गृहस्थाने सांगितलं, मी कधी आवाज चढवून बोललो नाही, आणि त्याच्या भावानेच मान डोलावली. शरयूपाशी शाईच्या डागांची चित्रं आहेत. ती दाखवून विचारायचं, यात तुम्हाला काय दिसतं. प्रत्येकाला स्वतःच्या मनातलं दिसतं म्हणे. मंगरुळात प्रत्येकाला गणपती दिसला. एका वृद्धेला लक्ष्मी दिसली, पण तिच्या सुनेने कोपर मारल्यावर तिलाही गणपतीच दिसला.

पोरीने हे सगळं इमानाने उतरवून बंगलोरला पाठवलं. सरांचं उत्तर आलं की तुमच्या तालुक्यात कुणाला राग नाही, भीती नाही, सगळ्यांना झोप लागते, तर निवृत्तीनंतर मीच तिकडे राहायला येतो. पण या मुक्कामात एकही खरी हकिकत आणि एकाही माणसाबरोबर धड काम झालं नाही, तर हे वर्ष धरता येणार नाही. शरयू त्या दिवशी जेवली नाही. म्हणाली, "मावशी, माझ्यापाशी कुणी खरं बोलत नाही, म्हणजे मला हे काम येतच नाही." आणि त्याच दिवसाच्या टपालाने तुझंही पत्र आलं, परत ये म्हणून.

असं चाललेलं असताना रुपाबाई आपल्या जगदेवला घेऊन आल्या. जगदेव पंचविशीचा, उंचापुरा, शेतात बैलासारखा राबणारा. त्याची चार स्थळं मोडली होती, कारण मुलगी पाहायला गेला की तो भर बैठकीतून पळून जाई. एकदा तर हातातल्या पोह्यांच्या बशीसकट पळाला, ती बशी परत करायला रुपाबाईंना दुसऱ्या गावी जावं लागलं. रुपाबाईंनी सांगितलं, "काही नाही बाई, त्याले पोहे सोसत नाहीत." शरयूने या वेळी आधी आईला आत माझ्याकडे पाठवलं (मी तिला वाल सोलायला दिले) आणि चित्र पुढे केलं. जगदेवला गणपती दिसला नाही. तो म्हणाला, "लोकं दिसतात. सारे माह्याकडं पाहून राह्यले." मग हात जोडून म्हणाला, "बाई, मले नापसंत करा. मी सारं खरं सांगतो, पन मले नापसंत करा." आणि त्याने लग्न टळावं म्हणून आपले सगळे दोष भडाभडा सांगितले. चार माणसांनी पाहिलं की छाती धडधडते, जीभ टाळ्याला चिकटते, पाय आपोआप उठतात. बाजाराच्या आदल्या दिवसापासून झोप नसते. मायला वाटतं मी हट्टी आहे.

शरयू आत आली तेव्हा तिचा चेहरा पहिला नंबर आल्यासारखा झाला होता, पण डोळे भरलेले होते. मला काही सांगितलं नाही तिने. (वरचं मला जगदेवनेच पुढे सांगितलं आणि तुला कळवायला परवानगीही दिली. शरयूकडून तू एक अक्षर काढू शकणार नाहीस.) त्या दिवसापासून माझ्या मनात एक गोष्ट फिरते आहे. आपल्या दोघींनाही कितीतरी लोक पाहून गेले. चालून दाखव म्हणाले, वाचून दाखव म्हणाले, माझे तर केस सोडून पाहिले. घराण्याची सात पिढ्यांची चौकशी झाली. पण समोर बसलेल्या मुलीच्या छातीत धडधडतंय का, हे विचारावंसं त्या इतक्या माणसांत कुणालाच वाटलं नाही. प्रश्न तेच असतात गं, उत्तर कशासाठी हवंय यावर सगळं असतं.

असो. मग जगदेवचं शिक्षण सुरू झालं, आणि त्यात मला नोकरी लागली. माझी नेमणूक 'लोक' म्हणून झाली. जगदेवने ओसरीवर बसायचं आणि मी समोर बसून त्याच्याकडे पाहायचं, एवढंच. पहिल्या दिवशी मी इतक्या कर्तव्यबुद्धीने पाहिलं की तो शरयू काही म्हणायच्या आत कुंपणाबाहेर गेला. मग शरयूने मला शेंगा फोडत फोडत पाहायला सांगितलं, ते जमलं. पुढे नजमुन्निसाभाभी भिंतीवरून 'लोक' झाल्या. मग त्यांचा नवरा. जगदेवच्या कपाळावर घाम यायचा, पण पाय जमिनीवर राहायचे. गेल्या आठवड्याची पायरी होती ती अशी: कुणातरी संपूर्ण अनोळखी माणसापुढे पोह्यांची बशी नेऊन ठेवायची आणि तिथेच उभं राहायचं. अनोळखी माणूस कुठून आणायचा, या विवंचनेत मी शाळेत गेले.

परत आले तर ओसरीवर छत्री टेकवून एक उपरणंवाले गृहस्थ बसलेले आणि शरयू समोर. उपरणं पाहूनच मी ओळखलं. अक्का, ते तुझे अकोल्याचे पाहुणे होते, मुलाचे काका मारोतराव (नाव मागाहून कळलं)! ते मोटारीतून उतरून आले, बसले, खाकरले आणि कशाला आलो ते बोललेच नाहीत. शरयूकडे येणारी खरी दुखणाईत माणसं अशीच येतात म्हणे. त्यामुळे तिने विचारायला सुरुवात केली. घरी कोण कोण, भावंडं किती, घराण्यात फेफरं आहे का, राग कसा, झोप लागते का. मारोतराव मुलगी पाहायला आले होते, आणि मुलगी त्यांना पाहत होती. मी मध्ये पडणार होते, पण हकिकत चालू असताना कुणी यायचं नाही असा नियम आहे, म्हणून मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेले. तिथे जगदेव बशी हातात घेऊन उभा. बशी अशी वाजत होती की जणू आरतीच चालली आहे. मला म्हणाला, "मावशी, हाच का अनोळखी?" मी म्हणाले, "हाच बाबा. याच्याइतका अनोळखी मंगरुळात दुसरा मिळणार नाही." (नियम त्या घाईत विसरलेच.)

तो गेला. त्याने बशी ठेवली. थोडे पोहे सांडले. आणि तो तिथेच उभा राहिला अक्का, पाहुण्याकडे बघत उभा राहिला! पण पाहुण्याचं लक्षच नव्हतं. मारोतराव उपरण्याने डोळे पुसत होते. शेवटच्या प्रश्नावर ते अडले होते म्हणे, एवढंच जगदेवने सांगितलं. झोपेच्या.

निघताना ते माझ्या पाया पडायला वाकले (मी त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असेन!) आणि म्हणाले, "बाई, पोरगी लाखात एक हाय. पन लगनाचं राहू द्या. आमच्या पोराचं मन दुसरीकडं हाय, मले ठाऊक होतं. आतापावतो कोणी इचारलंच नाही." आणि फाटकापाशी थांबून हळूच म्हणाले, "येत्या बुधवारी येऊ काय? माह्यासाठी?"

तर स्थळाचं हे असं झालं. दोष द्यायचाच असेल तर पोह्यांना दे.

तुझी,
द्वारका

ता. क. जगदेव काल एकटा बाजारात जाऊन रुपाबाईंसाठी लुगडं घेऊन आला. रंग भयंकर आहे, पण पाच दुकानांत भाव करून आणलं. रुपाबाई म्हणतात, आता त्याले पोहे सोसतात.

आणखी ता. क. सरांचं उत्तर आलं. वर्ष धरलं. आता तिला पुढे शिकायला तुझी आणि भाऊजींची परवानगी हवी. खरं तर ती मागायलाच हे पत्र लिहायला घेतलं होतं, मध्ये पाल्हाळ झालं. नाही म्हणू नकोस.

तिसरं ता. क. तुला नाही म्हणता येणारच नाही, कारण शरयू आज सकाळच्या मोटारीने बंगलोरला निघून गेली. मीच बसवून दिलं. मारोतरावांना आता बुधवारी मी नुसता चहा देणार आहे आणि गप्प बसणार आहे.

अगदी शेवटचं. रागावून का होईना, ये. चार दिवस राहा. ओसरीवर आपण दोघीच बसू आणि मी तुला एकच विचारीन, अक्का, झोप लागते का गं? खरं सांग हो. आपल्याला आता कुठे सोयरीक जुळवायची आहे.