मधुवंतीची घंटा

४ फेब्रुवारी
आज पुन्हा तेच! मी आंघोळीला गेलो आणि मधुवंती पलंगावर घसरून भिंतीला टेकली. वीस मिनिटं तरी तशीच होती. डोळ्यांत पाणी. डोक्यातली नस फुटून लकवा मारला, त्याला चार महिने झाले — आवाज गेला, हात गेले. उजवा चवडा तेवढा जरासा हलतो. गोरखीच्या शाळेत शिकवताना जिचा आवाज मागच्या बाकापर्यंत जायचा, तिला नवऱ्याला हाक मारता येत नाही!

घंटेचं बटण पायाशी ठेवलं. दाबायला जोर पुरत नाही.

७ फेब्रुवारी
भंगारातून गाडीचं ॲक्सिलरेटर पेडल आणलं. आत सेंसर असतो — पेडल दबेल तसा व्होल्टेज वाढतो. जाड स्प्रिंग काढून पेनातली नाजूक बसवली. तिने दाबलं. अर्ध्या व्होल्टचा पाऊण झाला! तारा सरळ घंटेच्या रिलेला, म्हणजे ती चालू करणाऱ्या विजेच्या खटक्याला, जोडल्या. काही नाही. साधं टिकसुद्धा नाही.

ती बघत होती. "उद्या होईल," म्हणालो. खोटंच.

८ फेब्रुवारी
इंदरगंजात अंशुलच्या इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीच्या दुकानात गेलो. वाटलं हसेल. हसला नाही. "काका, सेंसर तो सिर्फ़ खबर देता है. रिले खींचने का दम उसमें कहाँ!" मध्ये छोटी आयसी, म्हणजे चिप, लावायची. व्होल्टेज ठरवलेल्या आकड्यावर गेला की ती ट्रांजिस्टर चालू करते, आणि तो बॅटरीच्या जोरावर रिले ओढतो. त्यानेच जोडून दिलं.

९ फेब्रुवारी
वाजली!!

११ फेब्रुवारी
दिवसभर वाजवते. डोळ्यांवर ऊन आलं — घंटा. तहान — घंटा. एकदा काहीच नको होतं. मी बसलो, तशी शांत झाली.

१२ फेब्रुवारी
दिल्लीहून लेकीचा, गरिमाचा, फोन. "बाबा, ऑपरेशनची डेट मिळाली. मंगळवारी ॲम्ब्युलन्स येईल. आईला समझाओ ना." डोक्यातली आणखी एक नस फुगलीय. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन केलं तर कदाचित वाचेल. नाही केलं तर किती दिवस, सांगता येत नाही. आम्हीच ठरवून टाकलं. तिला विचारणार तरी कसं? डोळे मिटते ते 'हो' म्हणून की थकून, कळतच नव्हतं.

पण आता —

१३ फेब्रुवारी
धीर झाला नाही.

१५ फेब्रुवारी
डॉक्टरांचं सगळं सांगून विचारलं. 'हो' असेल तर एकदा घंटा, 'नाही' असेल तर दोनदा. "ऑपरेशनला दिल्लीला जायचं?"
दोनदा.
वाटलं, पाय घसरला. पुन्हा विचारलं. दोनदा. सावकाश, नीट.
गरिमाला फोन केला. खूप रडली. ॲम्ब्युलन्स नको म्हणून सांगितलं.