अर्धा स्वर खाली

३ मार्च

झाली शोभा! सगळा कोरस एका स्वरावर आणि मी एकटी अर्धा स्वर वर. पुन्हा! मास्तरांनी हात खाली टाकले. "बाई, तीनशे वर्षांपूर्वीचं प्रार्थनासंगीत आहे हे. त्या काळच्याच, अर्ध्या स्वराने खालच्या पट्टीत म्हणायचं." जसं काही मला माहीतच नाही! पण कागदावर जो स्वर दिसतो तोच गळ्यातून येतो — आजच्या पट्टीतला. जन्मापासून कान असा. पेला वाजला तरी स्वर सांगते मी. कोण कौतुक होतं घरात या कानाचं!

५ मार्च

आवाज न हलवता सरळ लावायचा — जमलं. ती जुन्या धाटणीची, आतड्याच्या तारांची व्हायोलिनं दर दहा मिनिटांनी सुरातून उतरतात — तेही सोसलं. पट्टी मात्र जमत नाही म्हणजे नाही.

मास्तर म्हणाले, "पुढच्या शुक्रवारपर्यंत बघू. नाहीतर एकलगीत तुमच्या बहिणीला." धाकटी शेजारीच उभी होती, खाली बघत राहिली. वीस वर्षं थांबलेय मी या एका गीतासाठी!

८ मार्च

रडले. भांडी घासता घासता.

९ मार्च

सगळे स्वर अर्ध्याने उतरवून नव्या कागदावर लिहून काढले. चार तास! तालमीत मध्येच जुना कागद आठवला आणि दोन्हींचा घोळ. हसले सगळे.

जिन्यात धाकटी म्हणाली, "ताई, कागद बघूच नकोस गं. माझ्या मागोमाग गा." मी फाडकन म्हटलं, "तूच गा ना मग! तुलाच मिळणार आहे!" काय ही जीभ माझी. बिचारी निघून गेली.

१४ मार्च

जमलं!! कागदावरचा स्वर आणि कानातला स्वर — एकच! कसं, देव जाणे. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं. "हं, आता कसं!" गीत माझंच! धाकटीची माफी मागितली. म्हणाली, "वेडी आहेस ताई. शिकलीस ना शेवटी?"

१७ मार्च

आठ दिवसांच्या सुट्टीनंतर शाळेत गाणं शिकवायला गेले, तर माझ्या वर्गातला पियानो अर्धा स्वर चढा. पियानो लावणाऱ्याला बोलावून फैलावर घेतलं. त्याने सूर मोजायचं यंत्र समोर धरलं. पियानो बरोबर होता.

"वयानं कान सरकतो, बाई. माझ्या गुरूंचंही झालं होतं. परत येत नाही."

दारावरची घंटा, फोन, सगळंच चढं. मी काही शिकलेबिकले नाही, कानच अर्धा स्वर सरकला. रविवारी कार्यक्रम आहे. तिथे सगळं सुरात लागेल. फक्त तिथेच.